विरोधकाच्या खाटेपाशी



अमेरिकेत निवडणुकीच्या प्रचारात गोळ्या चालणं नवं नाही. १९६८ मध्ये उमेदवार रॉबर्ट केनेडी मारले गेले. २०२४ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्या कानाला गोळी लागली, आणि सभेला आलेल्या एका माणसाचा जीव गेला.

आज सांगायची आहे ती १९७२ सालची गोष्ट. राष्ट्राध्यक्षपदासाठी एकाच पक्षाची उमेदवारी दोघं मागत होती. जॉर्ज वॉलेस हे अलाबामाचे गव्हर्नर. काळ्या विद्यार्थ्यांना विद्यापीठात शिरू देऊ नये म्हणून ते दारात उभे राहिले होते. आणि शर्ली चिझम. आधी बालवाडीच्या शिक्षिका, पुढे अमेरिकेच्या संसदेत निवडून गेलेल्या पहिल्या काळ्या स्त्री.

१५ मे रोजी मेरीलँडमध्ये प्रचार करताना वॉलेस यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. कमरेखालचं अंग कायमचं लुळं पडलं. चिझम त्यांना भेटायला दवाखान्यात गेल्या. त्यांचेच समर्थक संतापले. पण तुमच्यावर जे ओढवलं ते कुणावरही ओढवू नये, असं त्या वॉलेसना म्हणाल्या. वॉलेस यांना रडू फुटलं.

चिझम यांनी आपली मतं सोडली नाहीत. घरकाम करणाऱ्या बायकांना किमान वेतन मिळावं म्हणून त्या झगडत राहिल्या. १९७४ मध्ये तसा कायदा झाला. त्यासाठी दक्षिणेतल्या खासदारांची मतं वळवायला वॉलेस यांनी मदत केली, असं चिझम सांगत.

मैत्रिणींनो, भांडण मताशी असावं, माणसाच्या जिवाशी नको. निवडणूक संपते, माणसं उरतात.