राक्षसीण कशी ओळखावी?

आज आपण राक्षसिणींबद्दल बोलणार आहोत. पोराबाळांनाही जवळ बसवा.

वाल्मीकी रामायणाच्या सुंदरकांडात हनुमान सीतामाईला शोधत अशोकवनात पोचतो. तिच्याभोवती राक्षसिणींचा पहारा असतो. कुणाला एकच डोळा, कुणाला एकच कान. कुणाचे कान एवढे मोठे, की पांघरून झोपावं. कुणाचं नाक कपाळावर, कुणाचं पोट सुटलेलं. कुणाचं तोंड डुकराचं, कुणाचं वाघाचं, कुणाचं म्हशीचं. पाय कुणाचे हत्तीचे, कुणाचे उंटाचे. ऐकताना अंगावर काटा येतो आणि गंमतही वाटते.

पण गोष्ट इथं थांबत नाही. या राक्षसिणी ‘तुला खाऊन टाकू’ म्हणून सीतामाईला धमकावतात. तेव्हा त्यांच्यातलीच म्हातारी त्रिजटा त्यांना अडवते. रामाचा जय होणार, असं स्वप्न तिला पडलेलं असतं. ती सगळ्यांना सीतेची माफी मागायला सांगते. पुढे रावण मायेनं बनवलेलं रामाचं मुंडकं सीतेपुढे आणतो. ‘हे खोटं आहे, तुझा राम जिवंत आहे’ असा धीर तिला कोण देतं? सरमा. तीही राक्षसीणच. आणि रावणाची राणी मंदोदरी तर इतकी देखणी, की तिला पाहून हनुमानालाही घटकाभर वाटलं, हीच सीता!

म्हणजे रूपावरून माणूस ओळखायला गेलं, तर हनुमानही चकतो.

युद्ध संपल्यावर हनुमान विचारतो, ‘माते, तुला छळणाऱ्या या राक्षसिणींना मारू का?’ सीतामाई नको म्हणते. या तर दासी, राजाच्या हुकमाच्या ताबेदार, त्यांच्यावर काय राग धरायचा? जिनं सोसलं, तीच असं म्हणते.

आता आपल्या गावाकडे बघू. एखादी बाई एकटी राहते, म्हातारी आहे, केस पिंजारलेले, दात पुढे. म्हैस आटली किंवा लेकरू तापानं फणफणलं, की बोट तिच्याकडे जातं. हडळ, चेटकीण म्हणून तिला नावं ठेवली जातात. मग ती पाण्याला येत नाही, बैठकीला येत नाही.

मैत्रिणींनो, महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. अमकी करणी करते, असं सांगून तिचं जगणं मुश्कील करणं हा गुन्हा आहे. त्याला ६ महिन्यांपासून ७ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, शिवाय दंडही. तक्रार पोलीस ठाण्यात करता येते. एकटीला भीती वाटली, तर गटानं मिळून सोबत जावं.

राक्षसिणींच्या गोष्टी पोरांना जरूर सांगा. लांब कान सांगा, उंटाचे पाय सांगा. पण त्रिजटेला गाळू नका. आणि गटाच्या पुढच्या बैठकीआधी आपल्या आळीतल्या अशा बाईच्या दारी जा, चहा घ्या, तिला सोबत घेऊन या.

येते आम्ही. रामराम!