नमुना घेणाऱ्याचा हात

रीतीप्रमाणे अधिवेशनाच्या अध्यक्षाने आपल्या क्षेत्राच्या प्रगतीचा आढावा घ्यायचा असतो. तो स्मरणिकेत छापला आहे, सवडीने वाचावा. प्रस्तुत अध्यक्षाला एकच गोष्ट बोलायची आहे आणि ती करोनाच्या पहिल्या उन्हाळ्यापासून मनात खदखदते आहे.

त्या काळात सगळा देश यंत्राकडे डोळे लावून बसला होता. किट कोणते, सीटी व्हॅल्यू किती, रिपोर्ट किती तासांत? यंत्रात जे घातले जाते ते कोणी, कोणत्या दिवशी आणि कसे गोळा केले, हे मात्र कोणी विचारले नाही. मार्च २०२० मध्ये पुण्याच्या मायलॅबच्या आरटीपीसीआर किटला मंजुरी मिळाली, तेव्हाचा आनंद रास्त होता. पण नळीत विषाणू उतरलाच नसेल, तर उत्तमातले उत्तम किटही निगेटिव्हच सांगणार.

जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्येच हा हिशेब मांडला होता. लागण झाल्यापासून चौथ्या दिवशी नमुना घेतला तर सुमारे ६७ टक्के बाधितांचा रिपोर्ट चुकीने निगेटिव्ह येतो, लक्षणे सुरू होतात त्या दिवशी ३८ टक्के बाधितांचा, आणि त्यानंतर तीन दिवसांनी २० टक्क्यांचा. यंत्र तेच, किट तेच, बदलला तो फक्त दिवस. आयसीएमआरच्या नमुना अर्जावर लक्षणे सुरू झाल्याच्या तारखेचा रकाना होता. गर्दीत तो कितीदा कोरा जायचा, हे या सभागृहातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

आणि नमुना घेणे म्हणजे काय, हे एकदा नीट सांगायला हवे. स्वॅब नाकपुडीतून वर नाही, तर टाळूला समांतर आत न्यायचा. मागच्या भिंतीला टेकला की काही क्षण थांबायचे, हळू फिरवायचा, बाहेर काढून व्हीटीएमच्या, म्हणजे विषाणू टिकवणाऱ्या द्रावणाच्या, नळीत खुणेवर मोडायचा. डोळ्यांत पाणी आलेला माणूस मान मागे ओढतो आणि घाईचा हात तिथेच अर्ध्यावर थांबतो. मग आर्वीहून किंवा कारंजाहून निघालेली ती नळी वर्ध्याच्या मे महिन्यात दोन ते आठ अंशांत प्रयोगशाळेपर्यंत आणायची. जिल्ह्यातला पहिला रुग्ण मे २०२० मध्ये आर्वी तालुक्यातला निघाला, पण तो अहवाल हाती आला तेव्हा रुग्ण हयात नव्हता. त्या दिवसापासून पीपीई किटच्या आत घामाने निथळत हे काम कोणी केले? गौरवाच्या यादीत त्यांची नावे शोधून पाहावीत.

वर्ध्याने तरी हे विसरायला नको होते. गांधी स्मारक कुष्ठरोग निवारण प्रतिष्ठानाचे काम १९५१ पासून याच मातीत उभे राहिले. डॉ. वारदेकरांच्या नेतृत्वाखाली कार्यकर्ते घरोघर फिरले. माणसाला उजेडात उभे करून अंगभर पाहायचे, चट्ट्यावर हलका स्पर्श करून संवेदना तपासायची, नस चाचपायची. सर्वेक्षण, शिक्षण, उपचार ही पद्धत पुढे देशाच्या कार्यक्रमाने उचलली. हत्तीरोगाचे तसेच. त्याचे जंतू रक्तात रात्री उतरतात, म्हणून पथके रात्री गावात जाऊन झोपलेल्यांना उठवून बोटाचे रक्त घेत. दुपारी घेतलेली काच उत्तम सूक्ष्मदर्शकाखालीही कोरीच दिसली असती. पुढे सेवाग्रामला डॉ. बी. सी. हरिनाथ यांनी या रोगाच्या रक्तचाचण्यांवर वर्षानुवर्षे काम केले, त्यामागेही ही रात्रीची अडचण होतीच.

आता विद्वानांचा वाद. अँटिजेन बरी, आरटीपीसीआर बरी की थेट छातीचा एचआरसीटी काढावा? सकाळच्या सत्रात दोन तास यावर खडाजंगी झाली. प्रस्तुत अध्यक्षाचे उत्तर समुद्रपूर तालुक्यातल्या एका अंगणातले आहे.

एप्रिल २०२१. एका शेतकऱ्याचा ताप उतरत नव्हता. अँटिजेन निगेटिव्ह, विडाल पॉझिटिव्ह, म्हणून टायफॉइड ठरवून सलाईन सुरू. लक्षणे असताना अँटिजेन निगेटिव्ह आली तर आरटीपीसीआर करायचीच, हा नियम जून २०२० पासून कागदावर होता. सलाईन लावणाऱ्यांनी तो पाहिला नव्हता. प्रस्तुत अध्यक्ष नमुने घ्यायला त्या गावात पोहोचला, तेव्हा गावातली आरोग्य स्वयंसेविका, आशाताई, आधीच त्या घरी होती. शेतकऱ्याची बोटे गार होती. तिने ती चोळून ऊब आणली, मग ऑक्सिमीटर लावला. ९४. ‘काका, आता अंगणात सहा मिनिटं चालून दाखवा बरं.’ चालून आल्यावर ८८. रिपोर्टची वाट न पाहता तिने रुग्णवाहिकेला फोन लावला. स्वॅब नंतर घेतला गेला, पॉझिटिव्ह आला. तोवर तो माणूस ऑक्सिजनवर होता, आणि बरा होऊन घरी परतला.

त्या आशाताईकडे विषाणूची कोणतीही चाचणी नव्हती, तरी निदान तिनेच केले. सकाळच्या चर्चेत तिच्यासारख्यांचा एकदाही उल्लेख झाला नाही, याचा संताप आहे आणि तो लपवण्याचे कारण दिसत नाही. यंत्रांसाठी निविदा निघतात. स्वॅब घेणाऱ्याच्या प्रशिक्षणाला अर्धा दिवस आणि एक व्हिडिओ. कंत्राटी तंत्रज्ञ साथ ओसरली की घरी, आणि त्याच्याबरोबर त्याच्या हातातले कसबही घरी. कुष्ठरोग सर्वेक्षणातले जे जुने कार्यकर्ते नुसत्या बोटांनी जाड झालेली नस ओळखत, त्यांच्याकडून किती जणांनी ते शिकून घेतले?

तेव्हा एक ठराव मांडतो. प्रत्येक रिपोर्टवर तीन गोष्टी छापाव्यात: आजाराचा कितवा दिवस, नमुना शरीराच्या कोणत्या भागातून घेतला, तो किती तासांनी प्रयोगशाळेत पोहोचला. आशाताई आणि तंत्रज्ञांसाठी मराठीत एक पुस्तिका करावी, एक समितीही नेमावी. तपशील पुढे ठरवता येतील. खर्चाचे कारण कोणी पुढे करील, तर वरचे तीन रकाने छापायला शाईपलीकडे काही लागत नाही. ठराव दुपारी तीन वाजता खुल्या अधिवेशनात येईल. ज्यांचा विरोध असेल त्यांनी तो तिथे, सर्वांसमोर, उभे राहून नोंदवावा.