पाच ओळी, पण आपल्याच दिवसाच्या

इंग्रजी सुधारायचं कसं, यावर सल्ला देणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. पेपर वाचा, बातम्या ऐका, आरशासमोर उभं राहून बोला, रोज दहा शब्द पाठ करा. यातलं वाईट काहीच नाही. पण या यादीत एक गोष्ट सहसा नसते, आणि मला मिळालेला सगळा वेळ मी त्या एकाच गोष्टीवर घालवणार आहे. रोज, आपल्याच दिवसाबद्दल, इंग्रजीत पाच ओळी लिहिणं. निबंध नव्हे, सुविचार नव्हे, पाठ केलेला उतारा तर नव्हेच. आज सकाळपासून रात्रीपर्यंत आपलं काय झालं, त्याच्या पाच ओळी.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे दहावीला बसणाऱ्या मुलाच्या कानाडोळ्यांवरून दहा वर्षं इंग्रजी गेलेलं असतं. त्याला प्रदूषणावर निबंध लिहायला सांगा, तो दीड पान भरून देईल, कारण गाईडमधला निबंध त्याला मुखोद्गत आहे. आता त्यालाच सांगा, ‘काल आमच्याकडे पाणी उशिरा आलं, म्हणून मला शाळेला उशीर झाला’, एवढं इंग्रजीत लिही. पेन थांबतं. बरं, यात अवघड शब्द कुठला आहे? वॉटर, लेट, यस्टर्डे, स्कूल हे सगळे पहिली-दुसरीतले. घोडं अडतं ते हे शब्द स्वतः जुळवण्यापाशी, कारण ती वेळ त्याच्यावर कधी आलेलीच नसते. आजवर त्याने लिहिलेलं प्रत्येक इंग्रजी वाक्य आधी दुसऱ्या कुणीतरी लिहून ठेवलेलं होतं. मोठ्यांचीही तीच गत. पासबुकात एक नोंद चुकली, तर बँकेला अर्ज लिहायला आपण मागच्या वर्षीचा कुणाचा तरी अर्ज शोधतो, ‘विथ रेफरन्स टू द अबव्ह सब्जेक्ट’ने सुरुवात करतो, आणि चूक नेमकी काय झाली हे सांगायची वेळ आली की शेजारच्या कॉलेजातल्या मुलाला हाक मारतो.

पुष्कळ ऐकलं, पुष्कळ वाचलं की लिहिणं आपोआप येतं, असं काही जण म्हणतील. येतं का? कॅनडात मॉन्ट्रियलजवळ सेंट लॅम्बर्ट या गावी १९६५ साली एक प्रयोग सुरू झाला. घरी इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना शाळेत सगळं फ्रेंचमधून शिकवायचं, अगदी गणितसुद्धा. हा प्रयोग पुढे देशभर पसरला. मुलं वर्षानुवर्षं फ्रेंच ऐकत होती, वाचत होती आणि ऐकलेलं त्यांना उत्तम समजतही होतं. पण बोलण्यात आणि लिहिण्यात त्यांचं व्याकरण मागे राहिलं, ते राहिलंच. मेरिल स्वेन या अभ्यासक बाईंनी १९८५ साली या मुलांविषयी लिहिताना असं मांडलं, की नुसतं समजण्याने भागत नाही, भाषा स्वतः घडवावी लागते. याचं कारण फार खोलात न जाताही पटण्यासारखं आहे. ऐकताना, वाचताना अर्धवट कळलं तरी आपण संदर्भावरून अर्थ लावून मोकळे होतो. क्रियापद कुठल्या काळातलं होतं याकडे लक्षही जात नाही. लिहिताना मात्र ते क्रियापद आपल्यालाच ठरवावं लागतं, आणि आपल्याला नेमकं काय येत नाही ते त्या क्षणी कळतं. त्याआधी ते कळायला दुसरा मार्ग नाही.

एक उदाहरण जवळून पाहू. समजा, आज गल्लीत पाण्याचा टँकर आला होता. पहिली ओळ लिहायला घेतली आणि लगेच प्रश्न पडला, ‘अ टँकर केम’ की ‘द टँकर केम’? मराठीत ही भानगडच नाही, त्यामुळे ‘अ’ आणि ‘द’चे नियम कितीही घोका, परीक्षा संपली की ते विरतात. पण हा टँकर तुमच्या गल्लीतला आहे. रोज सातला येणारा, सगळ्यांना ठाऊक असलेला असेल, तर ‘द’. कुठून तरी आज पहिल्यांदाच आलेला असेल, तर ‘अ’. खरं काय ते तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे या वेळी नियमाला धरायला काहीतरी सापडतं. पुढची ओळ बघा. ड्रम भरत असताना पाइप निसटला. ‘वी वेअर फिलिंग द ड्रम्स व्हेन द पाइप केम ऑफ.’ एक गोष्ट चालू होती आणि तेवढ्यात दुसरी घडली. व्याकरणाच्या पुस्तकात या दोन काळांना दोन वेगळे धडे लागतात, तुमच्या अंगणात ते एका ओळीत येतात. आणि आपली ती खास मराठी चूक! ‘काल मी बँकेत गेलो होतो’ हे आपल्या जिभेवर इतकं बसलेलं आहे, की आपण ‘यस्टर्डे आय हॅड गॉन टू द बँक’ लिहून टाकतो. इंग्रजीला तिथे साधं ‘आय वेन्ट’ पुरतं. ही चूक निबंधात सापडणारच नाही, कारण प्रदूषणाच्या निबंधात कुणी काल बँकेत जात नाही. ती सापडते रोजनिशीत. म्हणून मी पुन्हा सांगतो, आपल्याच दिवसाबद्दल लिहा.

आता ‘रोज’ या अटीकडे येतो, कारण ऐकणारे पाच ओळी लक्षात ठेवतात आणि ‘रोज’ विसरतात. घरी दही कसं लागतं ते आठवा. चमचाभर कालचं दही आजच्या दुधात घातलं की उद्या दही तयार, आणि त्यातलंच चमचाभर परवासाठी. लिहिण्याचं तसंच आहे. काल ‘द टँकर केम ॲट सेव्हन’ लिहिलं असेल, तर आज ‘द टँकर डिड नॉट कम’ लिहायला कष्ट नाहीत, आणि उद्या ‘द टँकर केम, बट ओन्ली आफ्टर वी कॉम्प्लेन्ड’. कालच्या वाक्यातलं चमचाभर आज कामाला आलं. मध्ये आठ दिवस खंड पडला की विरजण शेजारून मागून आणावं लागतं, म्हणजे पुन्हा गाईड, पुन्हा दुसऱ्याचा अर्ज. रविवारी एकदम चार पानं लिहीन, असं म्हणणाऱ्यांनी आठवड्याचं दूध रविवारी एकदम विरजून बघावं! आणि सगळ्यात पहिलं विरजण शेजारूनच आणावं लागतं, हेही खरं. म्हणून वाचन हवंच. इंग्रजी पेपरातल्या स्थानिक बातमीतून एखादा वाक्प्रयोग उचला आणि तो संध्याकाळच्या पाच ओळींत वापरा. नुसता वहीत उतरवून ठेवू नका. उतरवून ठेवलेले शब्द आंबट होतात, दुसरं काही होत नाही.

हे काही नवं खूळ नाही. आनंदीबाई जोशी अमेरिकेला जाऊन डॉक्टर झाल्या हे आपल्याला माहीत आहे. त्यांचं इंग्रजी कसं घडलं याकडे मात्र आपण फारसं पाहत नाही. गोपाळरावांनी घरी शिकवलं, अधूनमधून मिशनच्या शाळा झाल्या. पण १८८०पासून, वयाच्या पंधराव्या वर्षापासून, त्या न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडोसिया कार्पेंटर यांना इंग्रजीत पत्रं लिहीत होत्या. आपल्याकडच्या चालीरीती, घरातलं वागणं, आपली मतं असा त्यांचा मजकूर. समोरची बाई हिंदुस्थानात कधी आलेली नव्हती, तेव्हा आपल्या रोजच्या गोष्टीच आनंदीबाईंना नीट उलगडून सांगाव्या लागत. १८८३ साली श्रीरामपूरच्या, म्हणजे बंगालमधल्या श्रीरामपूरच्या, कॉलेजात आपण अमेरिकेला का जातो आहोत यावर त्यांनी इंग्रजीत भाषण केलं. वय अठराच्या आत. हे एकट्या पत्रांनी झालं असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. बुद्धी त्यांची होती, आणि गोपाळरावांचा धाक काही कमी नव्हता. पण आधी कागदावर मांडून झालेलं सभेत मांडणं सोपं जातं, एवढं तर मान्य कराल? दुसरं उदाहरण राजस्थानातलं, जयपूरजवळच्या कानोत्याचे अमरसिंह यांचं. या राजपूत सरदाराने १८९८ ते १९४२ इंग्रजीत रोजनिशी लिहिली, तिचे ऐंशीच्या वर खंड भरले. त्यात घोडे आहेत, पोलो आहे, लष्कर आहे, पण हवेलीतलं एकत्र कुटुंब आणि त्यातले रुसवेफुगवेही आहेत. पुढे रुडॉल्फ या अमेरिकन अभ्यासक दांपत्याने त्यातला निवडक भाग छापला, आणि आज इतिहासाचे अभ्यासक तो वाचतात. तुमची वही कुणी छापणार नाही, तशी गरजही नाही. इतका काळ इंग्रजीत लिहायला या माणसाला विषय कमी पडला नाही, आणि तो विषय बराचसा घरचाच होता, एवढंच मला दाखवायचं आहे.

यावर हमखास येणारी तक्रार म्हणजे, ‘त्यांचं ठीक आहे हो, आमच्या आयुष्यात रोज लिहिण्यासारखं असतं काय? उठलो, डबा घेतला, लोकल पकडली, परत आलो.’ अहो, तेच तर हवं आहे! मायकेल वेस्ट नावाचे इंग्रज शिक्षक ढाक्याला होते. बंगाली मुलांना इंग्रजी शिकवता शिकवता त्यांच्या लक्षात आलं, की आधी कमी पण सतत लागणारे शब्द पक्के केले पाहिजेत. १९५३ साली प्रसिद्ध झालेली त्यांची नेहमीच्या शब्दांची यादी सुमारे २००० शब्दांची आहे, आणि साधारण इंग्रजी मजकुराचा सुमारे ८० टक्के भाग तेवढ्यात बसतो. हे शब्द कुठले? जाणं, येणं, ठेवणं, थांबणं, भरणं, विसरणं, देणं, मागणं यांचे. तुमच्या लोकलच्या डब्यातले, तुमच्या स्वयंपाकघरातले. दिवस रोज तोच असतो म्हणून तेच शब्द रोज हाताखालून जातात आणि पक्के होतात. भाकरी, फोडणी, उंबरठा यांना इंग्रजीत काय म्हणायचं म्हणून अडू नका. भाकरीला भाकरीच लिहा आणि पुढे चला.

दुसरी शंका जास्त वजनदार आहे. तपासायला कुणी नसेल तर चुका पक्क्या होणार नाहीत का? काही होतील, नाकारत नाही. पण सगळ्या चुका लाल शाईने दुरुस्त केल्या की त्या जातात, असंही सिद्ध झालेलं नाही. जॉन ट्रस्कॉट यांनी १९९६ साली परभाषेतल्या लेखनाच्या वर्गात व्याकरणाच्या चुका दुरुस्त करण्याविरुद्धच बाजू मांडली, डाना फेरिस यांनी त्यांना उत्तर दिलं, आणि तो वाद चालूच राहिला. माझं मत मधलं आहे. विरजण लावलेलं भांडं दर दहा मिनिटांनी हलवून बघितलं तर दही लागत नाही. लिहिताना तपासू नका. सकाळी तपासा, तेही एकच प्रकार धरून. या आठवड्यात फक्त भूतकाळ, पुढच्या आठवड्यात फक्त ‘अ’ आणि ‘द’. शाळेतल्या सरांना आणि मॅडमना माझी विनंती आहे, की अशा वहीवर लाल शाई करू नका. शेवटी एक प्रश्न लिहा, ‘मग पाइप कुणी बसवला?’ मूल दुसऱ्या दिवशी त्याचं उत्तर लिहून आणेल, आणि ते उत्तर कुठल्याच गाईडमध्ये नसेल.

आणि हल्ली फोनच सगळं लिहून देतो, मग कशाला ही उठाठेव? देतो खरा. पिशवीतलं दहीही मिळतं आणि चांगलं असतं, पण ते खाऊन दही लावायला येत नाही. शिवाय आज टँकर आला की नाही, हे फोनला कुठे माहीत आहे? त्याने लिहिलेल्या पाच ओळी कुणाच्याही दिवसाच्या असतील, तुमच्या नसतील. सकाळी तपासायला फोन घ्या, माझी हरकत नाही. फक्त त्याला विचारा, ‘हे असं का?’ नुसतं ‘दुरुस्त कर’ म्हणू नका.

वेळ संपत आल्याची खूण झाली आहे. मराठीचं काय, हा प्रश्न राहिलाच. त्यावर स्वतंत्र बोलायला हवं. आत्ता एवढंच, की आपला दिवस ज्याला मराठीतही सांगता येत नाही त्याला तो इंग्रजीत सांगणं जड जाणार, तेव्हा दोन वह्या ठेवल्या तर उत्तमच. बोलण्याचे वर्ग लावलेल्यांसाठीही काही सांगायचं होतं, लिहिलेल्या पाच ओळी मोठ्याने वाचण्याबद्दल, पण असो. साधी शंभर पानी वही घ्या, महागाची नको, महागाच्या वहीत माणूस जपून लिहितो. आज रात्री जेवणं आटोपली की तारीख घाला आणि दुपारी डब्यात काय होतं तिथून सुरुवात करा. घरात कुणी हसलं, तर त्यालाही एक वही आणून द्या.