जुन्या लॅपटॉपची तबकडी बदलताना

दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेला लॅपटॉप सुरू होण्यास चार-पाच मिनिटे घेऊ लागला, की त्याचे वय झाले असा निर्वाळा घरोघरी दिला जातो आणि नव्या यंत्राच्या किमती पाहण्यास सुरुवात होते. परंतु प्रोसेसर, म्हणजे गणन करणारी चकती, माणसासारखी वयाने थकत नाही, आणि पंख्यात धूळ साचून ती तापल्यास स्वतःचा वेग आवरते एवढाच काय तो तिचा दोष असतो. अशा रेंगाळलेल्या लॅपटॉपवर टास्क मॅनेजर उघडला, तर बहुतेक वेळा प्रोसेसरच्या रकान्यात जेमतेम दहा-पंधरा टक्के आणि डिस्कच्या रकान्यात शंभर टक्के असे आकडे दिसतात. याचा अर्थ सरळ आहे: गणन करणारा रिकामा बसलेला असून माहिती आणून देणाऱ्याची वाट पाहत आहे.

माहिती आणून देणारी ही हार्ड डिस्क मुळात एक यांत्रिक वस्तू आहे. आयबीएम कंपनीने 1956 साली बाजारात आणलेल्या पहिल्या हार्ड डिस्कमध्ये दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या एकावर एक फिरत असत आणि त्या साऱ्यांत मिळून सुमारे पन्नास लाख अक्षरे मावत; आज तीच रचना अडीच इंचांच्या डबीत आली असली, तरी फिरणारी चुंबकीय तबकडी आणि तिच्यावरून सरकणारा, टोकाशी वाचनशीर्ष असलेला दांडा हे तिचे मूळ स्वरूप बदललेले नाही. लॅपटॉपमधील तबकडी साधारणपणे मिनिटाला 5,400 फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्यास सुमारे 11 मिलिसेकंद लागतात, मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. हवी ती जागा वाचनशीर्षाखाली येण्यासाठी सरासरी अर्ध्या फेऱ्याची वाट पाहावी लागते, आणि दांडा योग्य वर्तुळापर्यंत सरकण्यास आणखी बारा-एक मिलिसेकंद जातात. एकूण हिशेब सतरा-अठरा मिलिसेकंदांचा होतो, त्यामुळे वेगवेगळ्या ठिकाणी विखुरलेले माहितीचे तुकडे ही डिस्क सेकंदाला पन्नास-साठच उचलू शकते. एकाच वाड्यातील पन्नास बिऱ्हाडांची पत्रे पोस्टमन दहा मिनिटांत वाटतो, पण तीच पन्नास पत्रे गावभर विखुरलेल्या घरांची असली तर त्याचा दिवस जातो. हार्ड डिस्कचेही तसेच आहे. सलग साठवलेला चित्रपट ती सेकंदाला शंभर मेगाबाइटच्या आसपास वेगाने वाचते, मात्र लॅपटॉप सुरू होताना लागणाऱ्या हजारो लहानसहान फाइली उचलताना तिचा वेग एका मेगाबाइटच्याही खाली घसरतो.

सॉलिड स्टेट ड्राइव्ह, म्हणजे दुकानदारांच्या आणि आता सर्वांच्याच तोंडी असलेली एसएसडी, ही वाट पाहणेच काढून टाकते. तिच्यातील फ्लॅश स्मृतीची कल्पना तोशिबा कंपनीतील अभियंते फुजिओ मासुओका यांनी 1980 च्या दशकात मांडली. या स्मृतीत चहूबाजूंनी विद्युतरोधक आवरण असलेल्या सूक्ष्म कप्प्यात विद्युतभार अडकवून ठेवला जातो आणि त्याच्या प्रमाणावरून शून्य की एक हे ठरते. काहीच फिरत अथवा सरकत नसल्याने कोणताही तुकडा मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात किंवा त्याहूनही लवकर हाती येतो. काही जुन्या लॅपटॉपमध्ये डिस्कला मुख्य पाटीशी जोडणारी साटा जोडणी दुसऱ्या पिढीची असून सेकंदाला 300 मेगाबाइटपेक्षा अधिक माहिती वाहून नेऊ शकत नाही, तेव्हा 550 मेगाबाइट वेगाची एसएसडी त्यात बसवणे म्हणजे पैसे वाया घालवणे, असे काही जाणकार सांगतात. हा आक्षेप कागदावर बिनतोड असला, तरी लॅपटॉपला रखडवणारी गोष्ट वाहून नेण्याचा वेग नसून शोधण्यात जाणारा वेळ आहे, आणि तो वेळ जुन्या जोडणीवरही शंभरपटींहून अधिक घटतो.

खरेदी करताना मात्र चुकीची वस्तू हाती पडणे सोपे आहे. साटा जोडणीच्या अडीच इंची एसएसडी बहुधा सात मिलिमीटर जाडीच्या असतात, तर अनेक जुन्या लॅपटॉपमधील खाचा साडेनऊ मिलिमीटरच्या. तेथे सोबत मिळणारी प्लॅस्टिकची चौकट चिकटवली की काम भागते. च्युइंगगमच्या पट्टीसारख्या दिसणाऱ्या एम-डॉट-टू प्रकारात अधिक जपावे लागते, कारण बाहेरून सारखीच दिसणारी पट्टी साटा पद्धतीची असू शकते किंवा एनव्हीएमई पद्धतीची, आणि एक दुसरीच्या जागी बसली तरी चालेलच असे नाही. त्यामुळे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत जाण्यापूर्वी लॅपटॉपच्या पाठीवरचा मॉडेल क्रमांक टिपून नेलेला बरा. स्वस्त लॅपटॉपपैकी काहींत साठवणुकीची चकती मुख्य पाटीवरच डाग देऊन बसवलेली असते. तेथे हा उपायच संभवत नाही.

प्रत्यक्ष बदल स्क्रू ड्रायव्हर हाताळता येणाऱ्या कोणालाही जमण्यासारखा आहे. यंत्र बंद करून, चार्जर काढून आणि बॅटरी विलग करून तळाची झडप उघडली, की पत्र्याच्या चौकटीत धरलेली डिस्क दिसते. ती उचलून न काढता जोडणीपासून आडवी मागे सरकवावी लागते, तेव्हा सात आणि पंधरा पितळी पट्ट्यांच्या, एल अक्षराच्या आकाराच्या दोन खाचा मोकळ्या होतात. चौकटीचे चार स्क्रू नव्या एसएसडीला लावून ती त्याच वाटेने आत सरकवली की हाताचे काम संपते.

खरी जोखीम माहिती हलवण्यात असते. जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत, म्हणजे क्लोन, यूएसबी जोडणीतून नव्या एसएसडीवर उतरवता येते, पण विंडोजच्या बिटलॉकरचे कुलूप लावलेले असल्यास त्याची 48 अंकी किल्ली आधी लिहून घ्यावी लागते. त्यापेक्षा ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने बसवणे अधिक स्वच्छ, कारण वर्षानुवर्षांचा कचरा सोबत येत नाही. ही सिस्टिम विंडोज 7 च्या आधीची नसावी. एसएसडीला लिहिलेल्यावर थेट लिहिता येत नाही, जुना मजकूर मोठ्या गठ्ठ्याने पुसावा लागतो, आणि कोणता मजकूर आता नको आहे हे तिला कळवणारी ट्रिम नावाची आज्ञा विंडोज एक्सपीला ठाऊक नव्हती. याच आज्ञेमुळे चुकून पुसलेले छायाचित्र एसएसडीवरून परत मिळवणे जवळपास अशक्य होते. हार्ड डिस्कवर तशी आशा पुष्कळदा असे.

म्हणूनच काढलेली डिस्क लगेच भंगारात जाऊ नये. ती धडधाकट असेल, तर यूएसबी डबीत घालून तिच्यावर महत्त्वाच्या फाइलींची दुसरी प्रत ठेवता येते, कारण मंदपणा हा त्या कामात दोष ठरत नाही. ती कोणाला द्यायचीच असेल, तर केवळ क्विक फॉरमॅट पुरत नाही, कारण त्याने पुस्तकाची अनुक्रमणिका तेवढी फाडली जाते आणि आधार कार्डाच्या प्रती, बँकेची कागदपत्रे, घरचे फोटो पानांवर जसेच्या तसे राहतात. संपूर्ण तबकडीवर एकदा शून्ये लिहावी लागतात, आणि पाचशे गिगाबाइटच्या डिस्कला या कामास दीड-दोन तास सहज लागतात.