निळ्या टोपीचे रानफूल



कारखान्यांच्या दारावर सभा घेणाऱ्या आमच्यासारख्यांनी फुलावर बोलावे, याचे कित्येकांना नवल वाटेल. पण हे फूल कापसाला हरवून निवडून आलेले आहे; तेव्हा त्याची हकीकत आमच्या वाटेवरचीच आहे.

अमेरिकेतील टेक्सास राज्याने १९०१ साली आपले राज्यपुष्प ठरविले. विधिमंडळात तीन उमेदवार होते. पहिले कापसाचे बोंड. राज्याची दौलत त्यावर उभी होती. दुसरे निवडुंगाचे फूल. ते सुचविणारे जॉन नान्स गार्नर पुढे देशाचे उपाध्यक्ष झाले, तरी 'निवडुंगवाले' हे टोपणनाव त्यांना कायमचे चिकटले. तिसरे ब्लूबॉनेट, म्हणजे निळी टोपी. माळावर फार तर हातभर वाढणारे हे रानफूल. बायका उन्हात घालीत त्या टोपीसारखी त्याची पाकळी. 'कलोनियल डेम्स' या महिला मंडळाने ते उचलून धरले, आणि तेच जिंकले. त्या महिलांना तेव्हा मताचा अधिकारसुद्धा नव्हता!

कापूस वेचणारे हात त्या सभागृहात नव्हते, हेही आम्ही विसरत नाही. पण बोंड जिंकले असते, तरी वेचणाऱ्याची मजुरी पैशानेही वाढली नसती. बोंडाला मालक असतो, वजन असते, बाजारभाव असतो. माळावरच्या फुलाला यांतले काहीच नाही. ते डोळे भरून पाहण्याचा हक्क मालकाला आणि मजुराला सारखाच. 'आपले' म्हणायला असेच काही लागते.

या फुलाच्या कुळाचे शास्त्रीय नाव ल्युपिनस. त्यात लांडग्याचा लॅटिन शब्द आहे. ही झाडे निकस जमिनीत दिसत, म्हणून जमिनीचा कस यांनीच खाल्ला, अशी जुनी समजूत. खरी गोष्ट उलटी आहे. हे रोप आपल्या हरभऱ्या-तुरीच्या गोतातले. त्याच्या मुळांवरील गाठींतले जीवाणू हवेतील नत्र धरून ठेवतात, आणि त्याने जमीन सुधारते. जो कस भरतो, त्यालाच लांडगा म्हणायचे! ही रीत आम्हां कामगारांच्या चांगल्या परिचयाची आहे.

पुढे आणखी एक तंटा झाला. १९०१ च्या ठरावात नाव होते ते रेताड जमिनीतील लहानखुऱ्या जातीचे. पुष्कळांना दुसरी, अधिक ठसठशीत जात हवी होती. सत्तर वर्षे वाद चालला. अखेर १९७१ साली विधिमंडळाने दोन्ही जाती मान्य केल्या, आणि राज्यात आढळणारी प्रत्येक ब्लूबॉनेट त्यांत सामील केली. एकीलाही बाहेर न काढता तंटा मिटला. संघटनेत फूट पडू पाहते, तेव्हा आम्ही हेच सांगत असतो.

आजही तेथील रस्ते-खाते सडकेच्या कडेला रानफुलांचे बी पेरते, आणि फुलांचे बी जमिनीवर पडेपर्यंत तेथील गवत सहसा कापीत नाही. ठरावाच्या कागदावर फूल जगत नाही. त्यासाठी वेळेवर विळा थांबवावा लागतो. माणसाच्या सन्मानाचेही तसेच आहे.