गावचा माणूस, गावची भाषा, गावची सेवा
(जनजाती भागातील आरोग्यसेवा-विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



मी वैद्य नव्हे, पत्रकार आहे. उपचार कसे करावेत, हे तुम्हाला सांगण्याचा माझा अधिकार नाही. मात्र तुम्ही घेत असलेल्या शिक्षणाचे समाजाच्या दृष्टीने मोल काय, एवढे सांगण्यासाठी मी येथे उभा आहे.

मण्यारीचे उदाहरण घेऊ. हा साप बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला दंश करतो. दंशाची जागा फारशी दुखत नाही, सुजतही नाही. काही तासांनी पोटात कळा येतात, पापण्या जड होतात, गिळणे अवघड होते आणि अखेर श्वास मंदावतो. सर्पविषावरील प्रतिविष तर हवेच. परंतु रुग्णालय गाठेपर्यंत हातातील पिशवीने अखंड श्वास देणारा प्रशिक्षित माणूस गाडीत असेल, तर रुग्ण वाचू शकतो. तो वाटेतला तास तुमचा आहे.

हाच प्रसंग भामरागडच्या अरण्यात घडला तर? गडचिरोली शहर तेथून दीडशेहून अधिक किलोमीटर दूर. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की वाट तुटल्याचा अनुभव तेथील लोकांनी वर्षानुवर्षे घेतला आहे. त्यात भाषेचे अंतर निराळेच. माडिया ही द्राविडी कुळातील बोली. मेळघाटातील कोरकू तर मुंडा कुळातील. ‘पापण्या केव्हापासून जड झाल्या?’ हा साधा प्रश्न रुग्णाच्या आजीला तिच्याच बोलीत विचारता आला, तरच खरे उत्तर मिळते. आधी पुजाऱ्याकडे नेले म्हणून परका माणूस रागावेल. घरचा माणूस पुजाऱ्यालाही विश्वासात घेऊन रुग्णाला गाडीत बसवील. हे ज्ञान तुम्ही घरूनच घेऊन आला आहात.

ही केवळ भावनेची गोष्ट नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीतील ३९ गावांत गावच्याच स्त्रियांना नवजात बालकांची घरी काळजी घेण्याचे शिक्षण दिले. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटला. ‘लॅन्सेट’ने १९९९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि २०११ मध्ये केंद्र सरकारने घरोघरी नवजात बालसेवेचा कार्यक्रम देशभर स्वीकारला. अरण्यातील गावाने देशाला दिलेला हा धडा आहे.

आता दोन शब्द उपस्थित ज्येष्ठांसाठी. जनजातीचा मुलगा शिकला की त्याने गावी परतावे, अशी आपली अपेक्षा असते. अपेक्षा रास्त आहे. पण त्यागाचा सगळा भार त्या मुलाच्याच खांद्यावर का? २०२१ च्या कायद्याने आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञांना आरोग्य व्यावसायिक म्हणून मान्यता दिली. कागदावरच्या त्या मान्यतेला जोड हवी ती गावाजवळच्या पदाची, वेळेवर मिळणाऱ्या वेतनाची, राहण्याजोग्या निवासाची आणि रात्री एकट्याने निघणाऱ्या मुलीच्या सुरक्षिततेची. एवढेही आपण देऊ शकत नसू, तर तिला ‘सेवाव्रती’ म्हणून गौरवणे ही आत्मवंचनाच ठरेल.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही गावावर उपकार करायला परतणार नाही, हेही ध्यानी असू द्या. ज्या गावाने तुम्हाला बोली दिली, रानवाटा दाखवल्या, त्याच गावाला तुम्ही विज्ञान देणार आहात. ही देवाणघेवाण बरोबरीची आहे. म्हणून संकोच न बाळगता शिका, हक्काने मागा आणि ताठ मानेने सेवा करा.