लहान मंडळीचा पाळक

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त बेळगाव येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



महोत्सवाच्या या प्रसंगी एका ख्रिस्ती पाळकाला आपण बोलावलेत, याबद्दल मी आपला आभारी आहे. येथे जमलेल्यांपैकी पुष्कळांची आमच्याशी ओळख नाताळच्या दिव्यांपुरती किंवा एखाद्या लग्नसमारंभापुरतीच असेल. म्हणून प्रथम एका शब्दाचा खुलासा करतो. इंग्रजीत ज्याला चर्च म्हणतात त्याला आम्ही मराठी ख्रिस्ती लोक ‘मंडळी’ म्हणतो. इमारत ते उपासनामंदिर. माणसे ती मंडळी. घरच्या माणसांनाही आपण मंडळीच म्हणतो, आणि जुन्या वळणाचे गृहस्थ तर एकट्या पत्नीलासुद्धा! हा शब्द ज्यांनी रूढ केला त्यांना आपल्या भाषेचे मर्म ठाऊक होते, असे मला वाटते.

आमची वस्ती या गावात काल-परवाची नव्हे. लंडन मिशनचे काम येथे १८२० साली सुरू झाले. ‘यमुनापर्यटन’ (१८५७) लिहिणारे बाबा पदमनजी याच गावी १८३१ साली जन्मले, आणि १८५४ साली त्यांचा बाप्तिस्माही येथेच झाला. मराठी कादंबरीचा इतिहास सांगताना बेळगावचे नाव आधी घ्यावे लागते, ते या नात्याने.

आता माझ्या कामाविषयी. माझी मंडळी लहान आहे. पावसाळ्यातल्या रविवारी तीस माणसे आली तर उपस्थिती चांगली समजावी. आजच्या काळी अशा मंडळीला पाळक कशासाठी हवा, असा प्रश्न तरुण मुले मला सरळ विचारतात, आणि तो गैर नाही. उत्तम उपदेश ऐकायचा तर तो खिशातल्या मोबाइलवर मिळतो. मुंबईचा, अमेरिकेचा, पाहिजे तेव्हा पाहिजे तितका. त्या वक्त्यांशी मी स्पर्धा करू शकत नाही. लांब उपदेश तर मी टाळतोच. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात त्रोवस गावची एक हकिकत आहे: पौलाचे भाषण मध्यरात्रीपर्यंत लांबले आणि खिडकीत बसलेला एक तरुण झोपेच्या भरात तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. तो वाचला, पण प्रत्येक पाळकाने ही गोष्ट वर्षातून एकदा वाचावी.

पाळकाचे खरे काम उपदेशाच्या बाहेरचे आहे. योहानाच्या शुभवर्तमानात मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने हाक मारतो असे वर्णन आहे. हजार माणसांच्या मंडळीत ते कोणालाच शक्य नाही. लहान मंडळीत ते करावेच लागते. कोणाचे गुडघे दुखतात, कोणाच्या मुलाचा दुबईहून महिनाभर फोन नाही, कोणाच्या मुलीचे लग्न हुंड्यावाचून अडले आहे (होय, आमच्यातही ही खोड आहे), हे सारे मला ठाऊक असते. मी न विचारता राहिलो तर ‘पाळकसाहेबांनी विचारले नाही’ हेही दुसऱ्या रविवारपर्यंत सर्वांना ठाऊक होते.

याची दुसरी बाजू जड आहे. मोठ्या मंडळीत भांडलेली दोन माणसे दोन कोपऱ्यांत बसली तर कोणाच्या ध्यानात येत नाही. आमच्याकडे दोन सख्खे भाऊ कुंपणाच्या भिंतीवरून कोर्टात गेले. एक डावीकडच्या बाकावर, दुसरा उजवीकडच्या. मधली वाट दीड हाताची. प्रभुभोजनाच्या रविवारी भाकर आणि प्याला दोघांनाही मीच द्यायचा. एकाच्या घरी चहा घेतला की दुसऱ्याच्या घरी निरोप पोहोचतो, म्हणून मी दोन्हीकडे जातो आणि दोन्हीकडे साखर कमी सांगतो. त्यांचा दावा अजून चालू आहे. तरी दोघेही येतात, आणि कोणी एक आला नाही तर दुसरा बाकाकडे वळून पाहतो, हे मी पाहिले आहे.

पैशाचे थोडक्यात सांगतो. मोजक्या घरांच्या वर्गणीतून पूर्ण वेळेच्या पाळकाचा पगार निघत नाही. म्हणून एकाकडे दोन-तीन मंडळ्या सोपवतात, किंवा पाळक आठवडाभर नोकरी करतो. पौल करिंथ येथे तंबू शिवून पोट भरीत होता, तेव्हा यात कमीपणा मुळीच नाही. अडचण इतकीच की मृत्यू सुटीचा वार पाहून येत नाही. २०२० च्या टाळेबंदीत अंत्यविधीला वीसच माणसे, असा नियम होता. तेव्हा विसात कोण, हे घरच्यांबरोबर बसून ठरविण्याचे काम मोबाइलवरच्या वक्त्यांवर आले नाही.

पण ज्यासाठी आज मी मुद्दाम उभा आहे तो प्रश्न वेगळाच आहे. मराठी उपासना बंद करून ती इंग्रजी किंवा कानडी उपासनेत मिळवावी, अशी सूचना आमच्यात पुढे आली आहे. कानडीशी माझे वैर नाही. आमच्या कित्येक घरांत ती रोज बोलली जाते. सूचना करणारेही मंडळीचे शत्रू नव्हेत. त्यांना आपली मुले आपल्या शेजारी बसलेली हवी आहेत. मुले इंग्रजी शाळेत जातात, त्यांना उपासनासंगीताचे पुस्तक वाचता येत नाही. गीते ती रोमन अक्षरांत लिहून घेतात, मग ‘ळ’चा ‘ल’ होतो आणि मंडळीची ‘मंडली’ होते.

मध्यंतरी एका आजीबाईंच्या शेवटच्या आजारात मी रोज जात असे. त्यांना नातवाचे नाव आठवत नसे. परंतु नारायण वामन टिळकांचे गीत कोणी सुरू केले की त्या पुढचे सबंध कडवे म्हणत. नातवाला सोबत गावेसे वाटे. पुस्तक हातात असून त्याला गाता आले नाही. त्या मुलाने नंतर मला विचारले की, देवनागरी शिकायला किती दिवस लागतात?

म्हणून माझे मत असे की उपस्थिती बारावर आली तरी मराठी उपासना चालू ठेवावी, उपदेशाचा सारांश शेवटी मुलांसाठी इंग्रजीत सांगावा, आणि शनिवारी संध्याकाळी तासभर मुलांना देवनागरी वाचायला शिकवावे. आमच्याकडे बाके आहेत, फळा आहे, आजपर्यंत नऊ मुलांची नावे आली आहेत. आपल्या संस्थेत निवृत्त शिक्षक पुष्कळ आहेत. त्यांतील कोणी हा एक तास दिला तर हवा आहे. ते कोणत्या धर्माचे, हे आम्ही विचारणार नाही. महोत्सवाची धांदल सरली की मी कार्यालयात येऊन भेटतो.